शोरूममधला खोटा कम्प्युटर घरच्या घरी कसा बनवायचा

आधीच सांगून ठेवतो. भंगारातून जुना मॉनिटर आणायचा, त्याचं पोट रिकामं करायचं आणि आत टॅब बसवायचा, असलं काही इथं नाही. ते करणारे पुष्कळ आहेत. मी ज्याच्याबद्दल सांगतोय तो कम्प्युटर कधी कम्प्युटर नव्हताच. फर्निचरच्या दुकानात कम्प्युटर टेबलावर मांडलेला असायचा तो. पातळ प्लॅस्टिकचा, मागून उघडा, टिचकी मारली की पोकळ वाजणारा. आम्ही त्याला डमी म्हणायचो.

२००० च्या आसपास मी नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूवरच्या एका फर्निचर शोरूममध्ये कामाला होतो. शटर उघडलं की सोफ्यांवरच्या चादरी काढायच्या, गाद्या थोपटायच्या आणि ओल्या फडक्यानं डमी पुसायचे. आता मानेवाड्याकडं माझं फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान आहे. शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या चाळिशीच्या पार्टीला, रील बनवणाऱ्या पोट्ट्यांना असे डमी मी बनवून देतो. ज्यांना स्वतः करायचा आहे त्यांच्यासाठी सगळं इथं लिहून टाकतो.

तेव्हा घरचा कम्प्युटर ४०-५० हजारांचा होता आणि टेबल दोन-अडीच हजारांचं. टेबल विकायला एवढा माल कोण मांडून ठेवेल? शिवाय खरा कम्प्युटर बंद असला की काळा दिसतो आणि चालू ठेवायचा तर वायर आली, यूपीएस आला, विजेचं बिल आलं. डमीचा स्क्रीन लोडशेडिंगमध्येही चालूच. काटोलकडचे एक काका टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून विचारते झाले होते, "टेबलासंगं हा कम्प्युटर येते का जी?" मी म्हटलं, "नाही काका, हा फक्त दाखवाचा आहे." त्यांनी उचलून पाहिला, मागं हात घातला आणि खूप वेळ हसत राहिले. टेबल घेतलं मात्र.

डमीचं खरं काम मापाचं. १५ इंची मॉनिटर जेवढा रुंद, जवळजवळ तेवढाच खोल. टेबल भिंतीला लावल्यावर त्याचं बूड कुठं टेकणार, समोर कागद ठेवायला जागा किती उरणार, की-बोर्डचा ट्रे ओढल्यावर गुडघे बसतात की नाही, हे गिऱ्हाईकाला बघूनच कळायचं. वजन मात्र डमी लपवायचा. खरा १५ इंची मॉनिटर १२-१३ किलोचा. त्याच्याखाली पार्टिकल बोर्डाची फळी हळूहळू मधोमध झोळ धरते. शोरूममधली फळी जन्मभर सरळ राहायची, कारण तिच्यावर कधी काही नव्हतंच.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नक्कल कम्प्युटरची करायची नाही, डमीची करायची. माझ्याकडं येणारे बहुतेक लोक इथंच घसरतात. ते खरे पोर्ट काढतात, कंपनीचा लोगो चिकटवतात, मागं वायरींचा गुंता सोडतात. मग ती वस्तू फसलेला कम्प्युटर दिसते. चांगला डमी बघणाऱ्याला फसवत नाही. चार पावलांवरून कम्प्युटर वाटतो, दोन पावलांवर आलं की हसू येतं.

हे हसू कुठून येतं ते कळायला डमी कारखान्यात कसे बनायचे ते माहीत पाहिजे. पॉलिस्टायरीनसारख्या प्लॅस्टिकची शीट तापवून मऊ करतात, साच्यावर टाकतात आणि खालून हवा ओढून घेतात. मिठाईच्या बॉक्समधले खाचे असतात ना, ते असेच बनतात. शीट साच्यावर घट्ट बसते, पण बारीक फटीत पूर्ण उतरत नाही आणि कोपऱ्यांवर ताणली जाते. म्हणून डमीच्या कडा गोलसर, बटणं अर्धवट वितळल्यागत आणि की-बोर्डच्या सगळ्या कळा एकमेकींना चिकटलेल्या. हा बोथटपणा तुम्हाला हातानं आणायचा आहे.

सामान

५ एमएमचा सनबोर्ड, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकची शीट, कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडं मिळते. परवडत नसेल तर फ्रीजच्या किंवा वॉशिंग मशिनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा. फळांचे खोके घेऊ नका, ते मऊ असतात. कटर, स्टीलची पट्टी, ग्लू गन, पेपर टेप, थोडी वॉल पुट्टी, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, भिंतीला लावायचं पांढरं इमल्शन, त्यात मिसळायचा पिवळा आणि काळा स्टेनर. घरची रद्दी आणि मैदा. बंद पडलेला एक की-बोर्ड आणि माऊस लागेल, पण नुसता साच्यापुरता, परत करता येतो.

थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे ती एक गोष्ट, आणि त्यावर साधा स्प्रे पेंट मारला की तो डोळ्यांदेखत विरघळतो ही दुसरी.

मॉनिटर

माप १५ इंचीचं धरू. १५ इंच हा आकडा कागदावरचा. दिसणारा स्क्रीन तिरका मोजला तर १३.८ इंच भरायचा. चारास तीन या प्रमाणात त्याची रुंदी ११ इंच आणि उंची सव्वाआठ. एवढी खिडकी कापा. तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, वर दीड इंच आणि खाली सव्वादोन इंच चौकट सोडा, बटणं खालीच येतात. म्हणजे समोरची चौकट १४ बाय १२ झाली.

चौकटीमागं ४ इंच सरळ पेटी. तिच्यामागं निमुळता भाग, जो शेवटी ८ बाय ७ इंचांवर येतो. हा भाग आत १० इंच जातो, पण तुकडे १० इंचांचे कापले तर कोपऱ्यात फट राहते, कारण ते तिरके बसतात. वरच्या-खालच्या तुकड्याची तिरकी लांबी १०.३ येते आणि बाजूच्यांची १०.४. सगळे साडेदहा कापा आणि बसवताना घासून घ्या. आकार असे: वरचा आणि खालचा तुकडा एका टोकाला १४, दुसऱ्या टोकाला ८. बाजूचे १२ आणि ७. शेवटची ८ बाय ७ ची खिडकी उघडीच ठेवा. डमीला पाठ नसते, आणि बघणारा हात तिथंच घालतो.

सांधे आतून ग्लू गननं भरा, वर पट्ट्या चिकटवा. बाहेरून सांध्यांवर पेपर टेप. आता सगळ्या कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं मारा. धार पूर्ण गेली पाहिजे. सनबोर्डचा गुळगुळीत पृष्ठभागही थोडा खरवडून घ्या, नाहीतर पुट्टी पापुद्र्यानं निघते. मग कडांवर पुट्टीचा पातळ हात, वाळली की २२० नं घासा. बोट फिरवलं तर कुठंच कोपरा लागायला नको. यात संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

मागच्या उतारावर खऱ्या मॉनिटरला गरम हवा जायला फटी असायच्या. डमीला फटी नसायच्या, नुसते उंचवटे. त्यासाठी बारीक सुती दोरी फेव्हिकॉलनं समांतर चिकटवा आणि वरून रंग मारा. खाली चार बटणं आणि एक मोठं बटण, जाड पुठ्ठ्याचे गोल तुकडे कापून. दिव्याच्या जागी हिरवी टिकली चालते, आमच्या एका डमीला मालकिणीनं खरंच लावली होती.

स्क्रीन

स्क्रीनवर काय असावं, यावरून पोरांशी माझा नेहमी वाद होतो. त्यांना विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरची ती हिरवी टेकडी पाहिजे असते. चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला तो फोटो २००१ मध्ये एक्सपीबरोबर घरोघरी पोचला, आणि तीच अडचण आहे. टेकडी दिसली की लोक "अरे, एक्सपी!" म्हणतात आणि डमी विसरतात. आमच्या दुकानातल्या एका डमीवर तीन रंगांचा पाय चार्ट, म्हणजे फोडी पाडलेला गोल आलेख, होता, एकावर डोंगर आणि तळं, एकावर कुणीतरी कुणाला लिहिलेलं इंग्रजी पत्र, अर्ध्यातच संपलेलं. पाय चार्ट कशाचा होता हे मालकालाही ठाऊक नव्हतं. असा कशाचाच नसलेला चार्ट काढा. बाजूला चार ओळींचं कोष्टक, आकडे कुठलेही, बेरीज जुळायची गरज नाही.

रंग मात्र त्या काळचे घ्या. विंडोज ९५ ची हिरवट-निळी पार्श्वभूमी म्हणजे आरजीबीमध्ये (लाल, हिरवा, निळा या क्रमानं) ०, १२८, १२८. खिडक्यांचा राखाडी १९२, १९२, १९२. चित्र ८०० बाय ६०० पिक्सेलवर बनवा, त्याहून मोठं नको. अक्षरांच्या कडा मऊ करणारा पर्याय बंद ठेवा. आता ते चौपट मोठं करा, ३२०० बाय २४०० होईल. मोठं करताना 'नियरेस्ट नेबर' निवडा, म्हणजे पिक्सेलचे चौकोन चौकोनच राहतात. ११ इंच रुंदीवर हे सुमारे २९० डीपीआय, म्हणजे इंचाला २९० ठिपके पडतं, छपाईला भरपूर. फाइल पीएनजीमध्ये द्या. जेपीजी दिली की अक्षरांभोवती घाण येते आणि लोक प्रिंटवाल्याला बोलतात.

छापायच्या आधी उन्हाचं काम करून घ्या. शोरूमच्या काचेतून रोज ऊन आलं की छपाईतला पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) आधी उडतो, निळा मागं राहतो. जुने डमी निळसर दिसायचे ते यामुळं. पिवळा आणि मॅजेंटा साधारण ३० टक्के उतरवा आणि एका बाजूला आणखी थोडा, जणू खिडकी त्या अंगाला होती. सरसकट फिकं केलं तर नुसतं शाई संपल्यासारखं दिसतं.

व्हिनाइलवर प्रिंट, वर ग्लॉस लॅमिनेशन. मॅट अजिबात नको. ट्यूबलाइटची पांढरी रेघ स्क्रीनवर पडली पाहिजे. प्रिंट १ एमएमच्या पीव्हीसी शीटवर चिकटवा, शीट खिडकीपेक्षा चारही बाजूंनी पाऊण इंच मोठी. चौकटीच्या मागून कडा चिकटवा आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, ५ एमएमची एक उभी पट्टी मागून दाबून बसवा. शीट आडवी किंचित फुगते. दोन्ही दिशांनी फुगवायच्या भानगडीत पडू नका, सपाट शीट तशी वळतच नाही, सुरकुती पडते. सोनीचे ट्रिनिट्रॉन स्क्रीनही असेच होते, आडवे वळलेले आणि उभे सपाट. तेव्हा कुणी शहाणपणा शिकवायला आलं तर हे सांगा.

की-बोर्ड आणि माऊस

हा माझा सगळ्यात आवडता भाग.

बंद पडलेल्या की-बोर्डवर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा. एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाण्याची खळ शिजवा, गुठळी होऊ न देता. पावसाळा असेल तर चिमूटभर मोरचूद घाला, कीड लागत नाही. पण ते विष आहे. भांडं वेगळं ठेवा आणि लहान मुलांच्या हातून खळ लावून घेऊ नका. ज्यांनी गल्लीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी बडग्याचा पुतळा बांधलाय, बांबूच्या कमच्यांवर कागद चिकटवलेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

रद्दीचे एक-एक इंचाचे तुकडे फाडा. कात्रीनं कापू नका, फाडलेली कड बेमालूम बसते. एकावर एक पाच थर. प्रत्येक थरानंतर कळांच्या रांगांमध्ये संपलेल्या रिफिलचं बोथट टोक फिरवा, पण हलकेच. पहिल्या थराला कळा स्पष्ट दिसतात, तिसऱ्याला मऊ होतात, पाचव्याला एकमेकींना धरून बसतात. स्पेस बार तेवढा लांबून ओळखू येतो. हेच पाहिजे. कारखान्यातल्या शीटनं जे केलं तेच इथं कागद करतो.

पहिला दिवस सावलीत वाळवा. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात ताजा कागद ठेवला तर वरचा थर आधी आवळतो आणि कडा उचलतात. दुसऱ्या दिवशी बिनधास्त गच्चीवर. वाजवून बघा, कडक आवाज आला की फिल्मसकट सोडवून घ्या. कळा वर निमुळत्या असतात म्हणून टोपी सहज निघते. कडा कापून सारख्या करा. अक्षरं लिहू नका. आमच्या डमीवर एकही अक्षर नव्हतं, तरी येणारं प्रत्येक पोरगं त्यावर आपलं नाव टाइप करायचं.

माऊस असाच, त्याला वायर नाही. तळाशी डबल टेप लावून टेबलालाच चिकटवा. दुकानात सगळ्यात आधी माऊसच गायब व्हायचा. मुलं खिशात घालून न्यायची आणि आईबाप दुसऱ्या दिवशी लाजत परत आणून द्यायचे.

सीपीयूमध्ये मजा नाही, लवकर उरका. ७ इंच रुंद, १६ उंच, १६ खोल पेटी. समोर सीडी ड्राइव्हची पट्टी १४६ बाय ४१ मिलिमीटर आणि तिच्याखाली फ्लॉपीची ४ इंच बाय १ इंच. टेबलाच्या खालच्या खणात तो अर्धा अंधारातच असतो.

रंग

पांढऱ्या इमल्शनमध्ये पिवळ्या ऑक्साइडचा स्टेनर थेंबाथेंबानं घाला. दूधपेढ्याच्या रंगाच्या अलीकडं थांबा. मग काळ्याचा एकच थेंब, म्हणजे पिवळा बसतो. मॉनिटर, की-बोर्ड आणि सीपीयू एकाच डब्यातून रंगवायचे, नंतर तो रंग पुन्हा जुळत नाही. खरे कम्प्युटर उन्हानं आणि प्लॅस्टिकमधल्या आग-रोधक रसायनामुळं पिवळे पडायचे, आणि तेही सगळे सारखे नाही. की-बोर्ड जास्त, मॉनिटर कमी. डमीसाठी एवढं पुरे: सगळ्याला एकच रंग, आणि स्क्रीनची जी बाजू फिकी केली त्याच अंगाला वाळल्यावर पिवळ्या पाण्याचा एक पातळ हात.

पुठ्ठा वापरला असेल तर आतूनही रंगवा, दोन हात. हे सांगायचं कारण कूलर. नागपूरच्या घरात मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत कूलर चालतो आणि त्याची ओली हवा पुठ्ठ्याच्या उघड्या कडेतून आत शिरते. आठवड्याभरात मॉनिटरची कड पोळीसारखी फुगते.

कूलरचं दुसरं काम म्हणजे डमी उडवणं. शोरूममध्ये दाराशी मोठा लोखंडी कूलर असायचा, आणि तो सुरू केला की पहिल्या रांगेतले मॉनिटर एकेक करत तोंडावर पडायचे. मालकानं प्रत्येकात अर्धी वीट ठेवायला लावली होती. तुम्हीही ठेवा, पण वीट फडक्यात गुंडाळून आणि पुढच्या सरळ भागात, नाहीतर मॉनिटर मागं झुकतो. पाय म्हणून खाली ८ इंचांची गोल चकती आणि तिच्यावर दोन इंचांचा ठोकळा.

मांडणी

टेबल जुनंच शोधा. ओट्याखाली, गच्चीच्या जिन्यात, गॅलरीत, नागपुरातल्या निम्म्या घरांत एक तरी पडलेलं असतं. कुठं त्यावर इस्त्री होते, कुठं की-बोर्डच्या ट्रेमध्ये विजेची बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या. ट्रेचं चॅनल गंजलं असेल तर थोडं ग्रीस लावा, कारण बघणारा माणूस आधी ट्रे ओढून बघतो आणि मगच कम्प्युटरकडं वळतो. शोरूममध्येही तसंच व्हायचं.

मॉनिटर टेबलाच्या मधोमध ठेवू नका, डाव्या हाताला थोडा तिरका. उजवीकडं प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी, वरच्या फळीवर पाठमोरी पुस्तकं किंवा नुसते पुठ्ठ्याचे कणे. किमतीचं लेबल टेबलावर, मॉनिटरवर कधीच नाही. स्केच पेननं, हातानं, किंमत काटून खाली नवी लिहिलेली. त्याखाली "कम्प्युटर फक्त डिस्प्लेसाठी".

नेताना वीट आधी काढून घ्या. मॉनिटर ॲक्टिव्हाच्या पायापाशी आरामात मावतो, पण वजन नसल्यामुळं उड्डाणपुलावर वाऱ्यानं हलतो, तेव्हा दोरी बांधाच. मे महिन्यात बंद गाडीत ठेवून जाऊ नका, ग्लू गनचे सांधे आतल्या गरमीत सुटतात. भाड्यानं देणार असाल तर माऊसचे पैसे आधीच वेगळे धरून ठेवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुठ्ठ्याचा डमी बाहेर देऊ नका, सनबोर्डचा द्या.